भाचीचं कोपर आणि घरातले तज्ज्ञ

आमच्या घरात कुणाला काही झालं की आधी फोन जावईबापूंना जातो, मग डॉक्टरांना. जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. औषधकंपनीचा माणूस. अंबरनाथपासून कर्जतपर्यंतच्या दवाखान्यांत काळी बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसायचं आणि डॉक्टरांनी आत बोलावलं की दोन मिनिटांत गोळ्यांचं कौतुक सांगून बाहेर यायचं, एवढाच त्यांचा वैद्यकशास्त्राशी संबंध. पण आई असताना आल्यागेल्याला सांगायची, "आमचे जावईबापू मेडिकल लाइनमध्ये आहेत." आई गेली, ते वाक्य मात्र घरात राहिलं.

मी लग्न केलं नाही. अंबरनाथच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि कात्रपला भावाच्या घरी राहते. 'भावाच्या घरी' असं सगळे म्हणतात. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. भाऊ, वहिनी, त्यांची एकुलती एक मुलगी आणि मी असे चौघे. निर्णयाची वेळ आली की चौघांतला एकही माणूस कामाचा नसतो, म्हणून अंबरनाथहून पाचवा मागवतात.

भाची तेव्हा तिसरीत होती, आठ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या बागेतल्या लोखंडी शिडीला लोंबकळत असताना तिचा हात सुटला आणि ती उजव्या तळहातावर पडली. मी वरून धावत खाली गेले तेव्हा ती फरशीवर बसली होती, रडत नव्हती. चेहरा पांढराफटक. कोपर बघता बघता सुजत होतं.

"आत्तू," ती मला म्हणाली, "कोपर बाहेर गेलं होतं. मग आपोआप आत आलं."

"असं होतं का कधी?" भाऊ मागून म्हणाला. आणि तो विषय तिथे संपला. पडलेल्या मुलीला काय झालं हे पडलेली मुलगी सांगत होती, आणि जो पडलाच नव्हता त्याने ते खोडून काढलं.

स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात गेलो. पाटीवर बालरोग, स्त्रीरोग, मधुमेह आणि हाडं एवढं सगळं एकाच डॉक्टरच्या नावाखाली लिहिलेलं. खालच्या एक्स-रेवाल्याकडून फिल्म आली. डॉक्टरने ती ट्यूबलाइटसमोर धरली, खिशातलं मार्कर काढलं आणि फिल्मवर दोन गोल काढले.

"हे बघा, हाड इथे सुटलंय. आणि इथे. मध्ये काळी फट दिसते ना? दोन ठिकाणी मोडलंय. कोपराचा चुरा म्हणा. उद्याच ऑपरेशन लागेल. अंबरनाथला माझ्या मित्राचं हॉस्पिटल आहे, मी फोन करून ठेवतो."

वहिनीला खुर्चीत बसवावं लागलं. डॉक्टरने भाचीच्या हाताला कच्चं प्लास्टर घातलं आणि तेवढ्या वेळात भाऊ दाराबाहेर जाऊन फोनवर बोलायला लागला. कुणाशी ते मला विचारायची गरज नव्हती.

आम्ही घरी पोचायच्या आधी जावईबापू शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन आमच्या सोफ्यावर बसले होते. त्यांनी फिल्म खिडकीला टेकवली, मोबाइलने फोटो काढला आणि कुणालातरी पाठवला. मग चहा घेतला. चहा संपायच्या आत मोबाइल वाजला. त्यांनी तो वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"फ्रॅक्चर-बिक्चर काही नाही! नॉर्मल आहे. अहो, लहान मुलांची हाडं मोठ्यांसारखी सलग नसतात. टोकांना कूर्चा असते, मऊ. एक्स-रेत ती दिसतच नाही, म्हणून तिथे फट दिसते आणि पुढचा तुकडा सुटा वाटतो. एमबीबीएसच्या पोराला माहीत असतं हे. ह्या माणसाने नॉर्मल हाडाला फ्रॅक्चर म्हणून टाकलं!"

त्यांचं बोलणं खरं होतं, हे मला पुढे कळलं. अर्धवट खरं. पूर्ण खोटं बोलणारा माणूस निदान पकडता तरी येतो.

"कोणी सांगितलं पण?" मी विचारलं.

"माझ्या ओळखीचे आहेत. एक्स-रेच वाचतात दिवसभर."

"त्यांना सांगितलंत का ही पडली म्हणून? वय सांगितलंत?"

"ताई," ते हसून म्हणाले, "हा तुमचा भूगोल नाही."

मी त्यांच्या हातातला मोबाइल बघितला. त्यांनी हिंदीत लिहिलं होतं, 'छोटे बच्चे का एल्बो है, ये गॅप नॉर्मल है ना?' खाली उत्तर म्हणून नुसता एक पिवळा अंगठा. फोटोत फिल्मवर खिडकीचे गज उमटले होते आणि मागे समोरच्या बिल्डिंगची वाळत घातलेली चादर दिसत होती.

त्या अंगठ्याच्या भरवशावर जावईबापूंनी स्वयंपाकघरातली कात्री मागितली. जेवणाच्या टेबलावर त्यांनी कच्च्या प्लास्टरचं बँडेज कापलं आणि पांढरा साचा बाजूला ठेवला. भाची कोपर पोटाशी धरून बसली होती. भावाने हात जोडले. खरोखर जोडले. वहिनीने शिरा केला. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'डॉक्टरांची लूट, सावध राहा' असा लांबलचक मेसेज फिरला, आणि रात्रीपर्यंत आख्खी बी विंग मुलांच्या हाडांतली तज्ज्ञ झाली. लिफ्टमध्ये एक काकू मला समजावत होत्या की मुलांची हाडं म्हणजे कोवळ्या शेवग्याच्या शेंगा. मी त्यांच्या मजल्यापर्यंत ऐकून घेतलं.

दवाखान्यात त्या फिल्ममधली प्रत्येक फट म्हणजे मोडलेलं हाड होतं. आता त्याच फिल्ममध्ये मोडलेलं काही असूच शकत नव्हतं. दोन्ही वेळा मुलीच्या हाताकडे कुणी बघितलं नाही.

सूज उतरली. दुखणं थोडं कमी झालं. पण हात सरळ होईना आणि पूर्ण वाकेनाही, मध्येच कुठेतरी अडायचा. भाची डाव्या हाताने जेवू लागली. शाळा सुरू झाली तेव्हा तिचं अक्षर एवढं बिघडलं की बाईंनी वहीत लाल शाईने शेरा मारला.

"करंगळी झोपते, आत्तू," ती एकदा दप्तर भरताना म्हणाली. "मुंग्या येतात. आणि शेजारच्या बोटाला पण."

मी भावाला सांगितलं. भावाने जावईबापूंना सांगितलं. जावईबापूंनी फोनवरूनच निदान केलं, दप्तराचं ओझं. शिवाय हात आखडलाय, तो सोडवायला हवा. रोज पाण्याची बादली धरून उभं करा, वजनाने आपोआप सरळ होईल.

मी शाळेतून लवकर आले त्या दिवशी हे दृश्य बघितलं. बाथरूमच्या दारात भाची उभी, उजव्या हातात अर्धी बादली, आणि तिचा बाप समोर स्टुलावर बसून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणतोय. पोरगी ओठ चावत होती. माझा भाऊ वाईट माणूस नाही. त्याला कुणी काही करायला सांगितलं की तो मनापासून करतो, इतकंच. कोण सांगतंय ते तो तपासत नाही.

मी बादली काढून घेतली.

"ताई, तू मध्ये पडू नकोस," तो म्हणाला. "तुला मूल नाही, तुला कळायचं नाही."

"मला मूल नाही, पण डोळे आहेत. तो हात अडकतोय. आखडत नाहीये, अडकतोय."

"जावईबापूंनी—"

"जावईबापूंना त्यांच्या बॅगेतल्या गोळ्या विकू दे."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.  त्या घरात ती सहसा काही बोलत नसे.

शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या मुलाचा घोटा मागे एकदा दुखावला होता, तेव्हा त्या उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका रेडिओलॉजिस्टकडे गेल्या होत्या. "बाई फटकळ आहेत, पण बघतात नीट," एवढंच त्या म्हणाल्या. मला तेवढं पुरेसं होतं. गोड बोलणाऱ्यांचा मला तोवर कंटाळा आला होता. शनिवारी घरी कुणाला न विचारता भाचीला घेऊन निघाले. जाताना वहिनीला सांगितलं. तिने मान हलवली आणि कपाटातून फिल्म काढून माझ्या हातात दिली.

खाली जीन्सला लागणाऱ्या चेन आणि बटणांचं दुकान, वर ह्यांचा दवाखाना. शेजारच्या गाळ्यातल्या शिलाई मशीनचा आवाज भिंतीतून येत होता. डॉक्टरबाई साठीच्या असाव्यात. सिंधी, पण मराठी बोलायच्या, मध्येच हिंदीत घसरायच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खुर्ची ओढून भाचीसमोर बसल्या.

"बेटा, तू सांग. कशी पडलीस?"

भाचीने शिडी सांगितली, तळहात सांगितला. मग माझ्याकडे बघत बघत हळूच म्हणाली, "कोपर बाहेर गेलं होतं. मग आत आलं."

"हां," बाई म्हणाल्या. फक्त 'हां'. आश्चर्य नाही, हसणं नाही. "आणि बोटांत काही होतं?"

भाचीने करंगळी वर केली. डॉक्टरबाईंनी त्या बोटावरून आणि शेजारच्या बोटावरून कापूस फिरवला, डोळे मिटायला सांगून पुन्हा फिरवला. मग दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढायला सांगितले.

"डावा कशाला?" मी विचारलं. "तो तर चांगला आहे."

"म्हणून तर पाहिजे. मुलांच्या हाडात काय नॉर्मल, काय नाही, ते तिचा दुसरा हातच सांगणार. नेहमी लागत नाही. इथे मला शंका आहे."

थोड्या वेळाने त्यांनी मला आत बोलावलं. पडद्यावर दोन कोपरं शेजारीशेजारी होती.

"देखो टीचर. मूल जन्मतं तेव्हा कोपराचं टोक सगळं कूर्चाचं असतं. कानाचा वरचा भाग कसा वाकतो, तसं. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. मग एकेका जागी हाड तयार व्हायला लागतं, छोटे छोटे ठिपके. पण सगळे एकदम नाही. ठरलेल्या क्रमाने येतात. एकामागून एक. वय थोडं मागेपुढे होतं मुलामुलाचं, क्रम सहसा नाही. मोठं झाल्यावर सगळे जुळून एक हाड."

त्यांनी डाव्या कोपरावर पेनाची टोपी टेकवली. आपण कोपर टेबलावर आपटलं की झिणझिण्या येतात, त्या आतल्या बाजूच्या उंचवट्यावर एक छोटा ठिपका होता.

"हा आतल्या बाजूचा. पाच-सहाच्या सुमाराला येतो. हिचा आलेला आहे. त्यानंतर नंबर लागतो इथला." टोपी सांध्याच्या मधोमध सरकली. "इथे अजून काही नाही. बरोबर आहे, वेळ झाली नाही. आता उजवा बघा."

मी बघितलं. उजव्या कोपरात सांध्याच्या मधोमध ठिपका होता. बाजूच्या उंचवट्यावर काहीच नव्हतं.

"नंतर येणारा आधी आलाय?" मी म्हटलं.

"येत नाही ना तसा. जो मधला वाटतोय तो मधला नाहीच. बाजूचा आहे. कोपर निखळलं तेव्हा स्नायूने ओढून तोडला, आणि कोपर परत आत बसताना तो सांध्यात जाऊन अडकला. म्हणून हात सरळ होत नाही. करंगळीची नस त्याच्या बाजूनेच जाते, ती दुखावली आहे." मग त्यांनी जुनी फिल्म उचलली, मार्करचे गोल बघितले. "हे कोणी केलं? हे दोन्ही नॉर्मल आहेत. वाढीच्या जागा. ग्रोथ प्लेट. ज्याच्यावर गोल पाहिजे त्याच्यावर नाहीच."

"आणि नंतर दुसऱ्यांनी सगळंच नॉर्मल सांगितलं."

"कोणी? फिल्म बघून?"

"मोबाइलवर. अंगठा पाठवला."

त्या हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

मी तिथूनच भावाला फोन लावला. सांगून होईपर्यंत त्याने जावईबापूंना जोडून घेतलं होतं, आणि त्यांचा आवाज त्या खोलीत स्पष्ट ऐकू येत होता. "ताई, कॅम्पातल्या ह्या बायकांना घाबरवून पुढे पाठवायची सवय असते. मुलांच्या कोपरात सुटे तुकडे असतातच. मी तेव्हाच सगळं एक्सप्लेन केलं होतं."

डॉक्टरबाईंनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं, मतलब, मेडिकल लाइन में हूँ."

"तो आप लाइन में रहिए. बच्ची को अंदर आने दीजिए."

आणि फोन बंद करून मला परत दिला. आयुष्यात फार कमी वेळा मला इतकं बरं वाटलं आहे.

त्यांनी कल्याणच्या एका हाडांच्या सर्जनला स्वतः फोन केला. सोमवारी आम्ही तिथे होतो. सर्जनने तपासलं, फिल्म बघितल्या आणि तेच सांगितलं. ऑपरेशन करून तुकडा बाहेर काढायचा, जागेवर बसवायचा आणि तारेने धरून ठेवायचा. "पहिल्या आठवड्यात आला असतात तर माझंही काम सोपं होतं आणि हिचंही," ते म्हणाले. भाऊ जमिनीकडे बघत होता. बादलीचं त्याने सांगितलं नाही. मी सांगितलं.

भाची आत असताना जावईबापू आले. हातात शहाळी, तोंडात कॅल्शियम. वाढत्या मुलांना कॅल्शियम कमी पडलं की असं होतं, आपल्या कंपनीचं सिरप कसं वेगळं आहे, आणि मुळात त्या पहिल्या डॉक्टरनेच सगळा घोळ घातला. कॉरिडॉरमध्ये बसलेली अनोळखी माणसंही माना डोलावत ऐकू लागली. त्यांना श्रोते कुठेही मिळतात.

वहिनी उठली. पदर खोचला.

"जावईबापू, खाली जाऊन बसा."

"अहो वहिनी, मी फक्त—"

"खाली बसा म्हटलं ना. आणि शहाळी घेऊन जा."

ते गेले. लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले. भाऊ बायकोकडे असा बघत होता जसं कुणीतरी भिंतीतून बोललं. वहिनी पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली आणि ऑपरेशन संपेपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. पुढे तारा काढल्या, मग व्यायाम सुरू झाले, खरेखुरे, शिकलेल्या माणसाने शिकवलेले. करंगळीतल्या मुंग्या जायला कितीतरी महिने लागले. एक दिवस ती शाळेतून येऊन म्हणाली, "आत्तू, करंगळी जागी झाली." अक्षर त्याच्या आधीच सुधारलं होतं, कारण तोवर तिने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं होतं. अजूनही ती दोन्ही हातांनी लिहिते आणि वर्गात त्याचा भाव खाते.

पण हात पूर्ण सरळ झाला नाही. शेवटचं थोडं राहिलं ते राहिलंच. उशीर झाला त्यामुळे, की तसंही झालं असतं, ह्याचं खात्रीचं उत्तर सर्जनने दिलं नाही. मला तो माणूस त्यासाठी आवडला. माझ्या ओळखीत 'मला नक्की सांगता येत नाही' असं म्हणणारी माणसं अगदी थोडी आहेत.

मधल्या काळात सगळ्यांनी आपापला विजय साजरा केला. भाऊ एकदा स्टेशनजवळच्या त्या पहिल्या डॉक्टरला भेटून आला. डॉक्टर म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी फ्रॅक्चर सांगितलं होतं. ऐकलं असतं तर?" भावाने हे घरी येऊन आदराने सांगितलं. मी विचारलं, त्याने गोल कुठे काढले होते ते विचारलंस का? नव्हतं विचारलं. जावईबापू लग्नाकार्यात आजही सांगतात की मुलांची हाडं वेगळी असतात हे आमच्या घराला त्यांनी शिकवलं. म्हणजे एकाला मोडलं होतं हे आधीपासून माहीत होतं आणि दुसऱ्याला मुलांची हाडं वेगळी असतात हे आधीपासून माहीत होतं. दोघेही बरोबर आणि दोघेही सुखी. चुकली ती फक्त शिडीवरून पडलेली आठ वर्षांची मुलगी.

कॅम्प चारच्या बाईंचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. घेतलं तर कोण कोण काय काय म्हणालं होतं तेही आठवावं लागेल. मी, वहिनी आणि भाची पुढच्या दिवाळीत त्यांच्याकडे फराळ घेऊन गेलो होतो. त्यांनी डबा ठेवून घेतला, भाचीला कोपर वाकवायला लावलं, उलगडायला लावलं, आणि म्हणाल्या, "वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा दाखवा. वाढत्या हाडाचा भरवसा नाही." तेव्हापासून वहिनी स्वतः भाचीला घेऊन जाते. भावाला परत आल्यावर कळतं.

भाची आता सातवीत आहे. कॅरम चांगली खेळते, सायकल चालवते. शाळेत कवायतीला सगळ्यांचे हात समोर ताठ होतात तेव्हा रांगेत तिचा एक हात जरा अलीकडे थांबलेला दिसतो. तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.